लिहायला नको म्हणणारं मूल लिहितं कसं करायचं : तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

वही उघडली की तहान लागते. पेन्सिलीचं टोक दोनदा मोडतं. पाऊण तासाने पानावर दीड ओळ असते आणि तोवर मूल आणि समोर बसलेलं मोठं माणूस, दोघंही रडकुंडीला आलेले असतात. अशी मुलं मी बरीच पाहिली आणि त्यांचे पालकही. पालकांचे प्रयत्न कमी नसतात, पण ते उलट्या क्रमाने झालेले असतात. आधी अक्षर सुधारायला घेतात, मग शुद्धलेखन, मग ‘रोज एक पान लिहायचं’. या सगळ्यातून पोर पार पडलंच, तर शेवटी ‘आता तुझ्या मनातलं लिही’. तोपर्यंत मनातलं सांगायची त्याची इच्छा उरलेली नसते.

खालचा क्रम याच्या बरोबर उलटा आहे. आधी सांगणं, मग कागद, मग वाचक आणि शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. साधारण ७ ते १२ वर्षांच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. मोठ्यांसाठी काय बदलायचं ते पुढे आहे. आठवड्यातून चार दिवस, दर वेळी १० ते १५ मिनिटं धरा. सहा ते आठ आठवडे लागतात. कुणाला जास्तही लागतात.

टप्पा १ : गाडं कुठे अडलंय ते पाहा

लिहिताना पाच कामं एकदम चालतात: सुचणं, सुचलेलं वाक्यात बसवणं, ते वाक्य डोक्यात धरून ठेवणं, हाताने उतरवणं आणि उतरवताना वेलांट्या-उकार सांभाळणं. ‘किती’ हा साधा शब्द घ्या. पहिली वेलांटी ‘क’च्या आधी काढायची, दुसरी ‘त’च्या नंतर. ‘सूर्य’मधला ‘र’ ऐकू येतो ‘य’च्या आधी, पण तो बसतो ‘य’च्या डोक्यावर. तोच ‘र’ ‘पायऱ्या’मध्ये आला की निराळा दिसतो. आपला हात हे आपसूक करतो. मुलाचं सगळं लक्ष तिथेच खर्ची पडतं आणि पुढचं वाक्य डोक्यातून निसटतं. म्हणून हा टप्पा पुरा होईपर्यंत ‘आळशी’ हा शब्द घरात वापरू नका.

तीन छोट्या चाचण्या घ्या. एकाच बैठकीत उरकू नका, मध्ये दिवस जाऊ द्या.

१. बोलणं. मुलाला चांगलं ठाऊक असलेलं काहीतरी दोन मिनिटं सांगायला लावा: आवडता खेळ कसा खेळायचा, मांजराने काय उद्योग केला. फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवा.

२. पाहून लिहिणं. पुस्तकातल्या चार ओळी उतरवायला द्या. वेळ मोजा, पण घड्याळ त्याच्या समोर ठेवू नका. तो हात झटकतो का, कागदावर किती वाकतो, एकेका अक्षरासाठी किती वेळा मान वर करतो, हे बघा.

३. स्वतःचं लिहिणं. पहिल्या चाचणीत जे सांगितलं तेच पाच मिनिटं लिहायला सांगा.

आता तिन्ही शेजारी ठेवा. बोलणं भरभरून, पाहून लिहिणं बरं, पण स्वतःचं लिहिताना दोन ओळींवर थांबला, असं चित्र सर्रास दिसतं. त्याच्याकडे सांगायला आहे, पण पाच कामांचा भार एकदम पेलत नाही. अशा मुलासाठी टप्पा ३ आणि ४ जास्त दिवस चालू ठेवा. पाहून लिहितानाच हात दुखत असेल तर अडचण हाताची आहे. टप्पा २ मनापासून करा आणि हातावरचं ओझं बराच काळ कमी ठेवा. बोलणंच दोन वाक्यांत संपत असेल तर कागद काही दिवस विसराच, आधी गप्पा वाढवा. आणि तिन्ही गोष्टी ठीक असूनही मूल लिहायला नको म्हणत असेल, तर पानाचं पुढे काय होतं ते तपासा. बहुधा ते पान कुणीतरी चुका मोजायलाच हातात घेत असतं.

*तपासून पाहा:* चाचणी चालू असताना तुम्ही ‘नीट लिही’, ‘घाई नको’ असं काही बोललात का? बोलला असाल तर ती चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या.

टप्पा २ : बैठक, कागद, पेन्सिल

एकदा नीट लावलं की हे काम संपतं, पण ते टाळू नका. टेबलाची उंची मुलाच्या कोपराच्या पातळीला किंवा जेमतेम वर असावी. पाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर पायाखाली खोकं ठेवा. पाय लोंबकळत असलेलं मूल तोल सांभाळण्यात दमतं आणि आपल्याला वाटतं की ते चुळबुळ करतंय.

कागद सरळ ठेवायचा हट्ट नको. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा कागद किंचित डावीकडे कललेला बरा, डावखुऱ्याचा उजवीकडे आणि जरा जास्त कललेला. डावखुऱ्या मुलाने पेन्सिल टोकापासून साधारण तीन-चार सेंटिमीटरवर धरली तर हात ओळीच्या खाली राहतो. नाहीतर लिहिलेलं हाताखाली झाकलं जातं, पुसटतं आणि मनगट हुकासारखं वळवायची सवय लागते. उजेड लिहिणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूने यावा.

दाब तपासायची एक सोपी रीत आहे. पान उलटा आणि मागून बोट फिरवा. अक्षरं उठलेली लागत असतील तर मूल गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोर लावतंय. ‘जोर लावू नको’ असं सांगून तो कमी होत नाही. मऊ शिशाची, २बी पेन्सिल द्या. ती हलक्या हातानेही गडद उठते. रुळलेली पकड मात्र हात दुखत नसेल तर बदलायला जाऊ नका. तीन बोटांची पकड चांगलीच, पण नऊ वर्षांच्या मुलाची चालती पकड मोडताना लिहिण्याशी नव्याने भांडण होतं.

टेबलावरून दोन वस्तू उचला: खोडरबर आणि लाल पेन. खोडरबर जवळ असेल तर काही मुलं एकच शब्द चारदा पुसतात. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची आणि पुढे जायचं, एवढाच नियम. यासाठी शाळेच्या वहीला हात लावू नका. वेगळी कोरी वही घ्या किंवा सुटे कागद घ्या. सुटे कागद मला जास्त आवडतात, कारण कागद फाडता येतो आणि वही ‘खराब’ होत नाही.

वेळ रोजची ठरलेली असावी, पण शाळेतून आल्या आल्या नको. दिवसभर लिहून हात आधीच शिणलेला असतो.

टप्पा ३ : तो सांगेल, तुम्ही लिहा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

पहिले आठ-दहा दिवस मुलाच्या हातात पेन्सिल द्यायचीच नाही. तो सांगतो आणि तुम्ही लेखनिक होता. ‘हे तर मीच लिहून दिल्यासारखं झालं’ अशी पालकांना शंका येते. शब्द त्याचे आहेत, क्रम त्याचा आहे, वाक्य कुठे संपवायचं तेही तो ठरवतोय. लेखनातलं अवघड काम तेच आहे. हाताचं काम तेवढं तुम्ही उसनं घेतलंय.

पद्धत अशी:

१. विषय देऊ नका, प्रसंग विचारा. ‘पावसाळ्यावर सांग’ म्हटलं की मूल पाठ्यपुस्तकी होतं. ‘परवा चावी हरवली तेव्हा तू कुठे कुठे शोधलीस?’ म्हटलं की बोलू लागतं.

२. पहिली दोन मिनिटं फक्त ऐका. काही लिहू नका.

३. मग म्हणा, ‘हे मला उतरवून घ्यायचंय. पहिलं वाक्य काय घालू?’ आणि तो म्हणेल ते, म्हणेल तसं लिहा. हळूहळू, त्याला दिसेल असं. बोललेला शब्द कागदावर उमटताना त्याने बघणं महत्त्वाचं आहे.

४. दर दोन-तीन वाक्यांनंतर त्याला वाचून दाखवा. ‘असं नाही, आधी दार वाजलं’ असं तो म्हणाला, तर खुशाल खाडाखोड करा. मजकूर दुरुस्त करता येतो आणि तो दुरुस्त करणारा मालक आपण आहोत, हे तो इथे पहिल्यांदा अनुभवतो.

५. शेवटी खाली त्याचं नाव आणि तारीख लिहा. ते त्याने स्वतःच्या हाताने लिहावं. त्या दिवशी हाताला एवढंच काम.

*सावध:* भाषा सुधारू नका. मूल ‘मी जाम घाबरलो’ म्हणालं आणि तुम्ही ‘मला फार भीती वाटली’ लिहिलंत, तर ते त्याला लगेच कळतं. एका मुलीने माझ्या हातातला कागद बघून म्हटलं होतं, “हे मी नाही बोलले.” तिचं बरोबर होतं. तो कागद मी बाजूला ठेवला आणि तिच्या शब्दांत पुन्हा लिहिला.

हीच गोष्ट घरच्या बोलीची. घरात बोलतात तशी वाक्यं मूल सांगत असेल, त्यातली क्रियापदं आणि हेल पुस्तकापेक्षा वेगळे असतील, तर तसंच लिहा. ‘केलं’ला ‘केले’ करू नका. बोलीतला शब्द प्रमाण शब्दाने बदलू नका. पुस्तकी मराठी त्याला शिकायची आहेच, पण ‘तुझं बोलणं कागदावर चालत नाही’ हा धडा आधी मिळाला तर तो कागदापासून दूरच राहील.

फोनमध्ये मराठी बोलून टाइप करायची सोय असते, ती वापरता येते, पण या टप्प्यात माणूसच बरा. यंत्र चेहऱ्याकडे बघत नाही. तुम्ही हसलात, दचकलात, ‘मग?’ म्हणालात, की पुढचं वाक्य येतं.

*तपासून पाहा:* सांगताना मूल ‘थांब, हे नको लिहूस’ किंवा ‘हे आधी घे’ असं म्हणू लागलंय का? म्हणत असेल तर पुढे चला. अजून ‘काय सांगू?’ एवढंच येत असेल तर इथेच राहा.

टप्पा ४ : एक वाक्य माझं, एक तुझं

आता पेन्सिल वाटून घ्यायची. पहिलं वाक्य तुम्ही लिहा आणि ते अर्धवट, खोडकर ठिकाणी सोडा: ‘रात्री कपाटातून आवाज आला, म्हणून मी दार उघडलं तर आत…’. पुढचं त्याने लिहायचं. एक शब्द लिहिला तरी चालेल. मग पुन्हा तुम्ही.

तुमची वाक्यं छान नसावीत. साहित्यिक वाक्य समोर आलं की मुलाला त्याचं वाक्य फिकं वाटतं. साधं लिहा, कधी तुमच्या वाक्यातही खाडाखोड होऊ द्या आणि तीही त्याला दिसू द्या. मोठी माणसं एका झटक्यात बरोबर लिहितात असा मुलांचा पक्का समज असतो.

या टप्प्यात कागदावरून गप्पाही मारता येतात. दोघांनी पंधरा मिनिटं बोलायचं नाही, जे म्हणायचं ते चिठ्ठीवर लिहून सरकवायचं. ‘खिडकीत काय दिसतंय?’ ‘कबूतर.’ ‘काय करतंय?’ ‘तुझ्याकडे बघतंय.’ मी सुचवलेल्या सगळ्या गोष्टींपैकी मुलांना ही सर्वाधिक आवडते, कारण इथे लिहिल्याशिवाय काही मिळतच नाही आणि उत्तर लगेच येतं.

स्पेलिंग, म्हणजे शब्द कसा लिहायचा, असं विचारलं तर लगेच सांगा. ‘तूच आठव’ म्हणू नका. आठवण्यात गोष्ट निसटते.

टप्पा ५ : स्वतःच्या हाताने, पण लहान

इथे पालक हटकून निबंधावर उडी मारतात. निबंध हा लेखनाचा फार अवघड प्रकार आहे: लांब, वाचक नसलेला आणि बहुतेक वेळा विषय दुसऱ्याने दिलेला. त्याऐवजी असे प्रकार द्या, जे लहानच असतात आणि ज्यांचा काहीतरी उपयोग होतो.

यादी सगळ्यात सोपी, कारण तिला पूर्ण वाक्य लागत नाही: ‘मला राग येणाऱ्या नऊ गोष्टी’, ‘धाकट्या भावाने हात लावू नये अशा वस्तू’. दारावरची पाटी. फोटोखालची एक ओळ. चित्रातल्या माणसाच्या तोंडचा संवाद, फुग्यात. स्वतः बनवलेल्या खेळाचे नियम. शेवटच्या प्रकाराने मला कधी दगा दिलेला नाही. नियम लिहून झाले की घरातल्यांनी ते वाचून, मुलाला काहीही न विचारता, खेळायचं. एखादा नियम सुटलेला असतोच आणि खेळ अडतो. मूल स्वतः धावत जाऊन ते वाक्य घालतं. स्पष्ट का लिहायचं याचं व्याख्यान मग द्यावं लागत नाही.

तक्रारअर्ज हाही उत्तम प्रकार आहे. झोपायची वेळ अर्ध्या तासाने पुढे ढकलावी यासाठी आईला अर्ज, तीन कारणांसह. कारणं पटली तर अर्ज मंजूर करा, निदान एका दिवसापुरता. मंजूर करायची तयारी नसेल तर तो विषय देऊ नका. लिहून काही बदलत नाही, असा अनुभव त्याला पुन्हा येऊ नये.

वेळेचा नियम: पाच मिनिटांचं घड्याळ लावा आणि ते वाजलं की थांबवा, वाक्य अर्धं असलं तरी. ‘थांब ना, एवढं होऊ दे’ असं मूल म्हणालं तर होऊ द्या. पण तुम्ही स्वतःहून ‘अजून दोन ओळी’ म्हणू नका. ओळी मोजणं पूर्ण बंद. ओळी मोजल्या की मुलं अक्षरं मोठी काढतात आणि शब्दांमध्ये जागा सोडतात, आणि त्यांचं तरी काय चुकलं?

*सावध:* शिक्षा म्हणून कधीही लिहायला लावू नका. ‘शंभर वेळा लिही’ याने महिन्याभराची मेहनत एका संध्याकाळी जाते. तसंच, लिहिलं की बक्षीस, असाही व्यवहार लावू नका. बक्षीस मिळवायला लिहिणारं मूल बक्षीस थांबलं की थांबतं.

टप्पा ६ : खरा वाचक शोधा

तपासणारा आणि वाचणारा यांत फरक आहे. वाचणाऱ्याला पुढे काय झालं ते हवं असतं. दूर राहणारी आजी, मावसभाऊ, शेजारची लहान मुलगी, कुणीही चालेल. अट एकच: त्याने उत्तर द्यायचं आणि ते मजकुराबद्दल द्यायचं.

त्या वाचकाला आधी फोन करून सांगून ठेवा. ‘किती सुंदर अक्षर!’, ‘छान लिहिलंस हं’ असं उत्तर आलं तर काम फसतं. ‘त्या मांजराला मग खाली कुणी उतरवलं? तू लिहिलंच नाहीस!’ असं उत्तर आलं की मूल पेन्सिल शोधायला जातं. कौतुकापेक्षा प्रश्नाने लेखन वाढतं, हे मी आता ठामपणे सांगतो.

वाचक लहान मूल असेल तर आणखी बरं. नऊ वर्षांच्या मुलाने पाच वर्षांच्या बहिणीसाठी गोष्ट लिहून, चित्रं काढून, कागद मधोमध टाचून पुस्तक केलं, की ते दहा वेळा वाचलं जातं. वाचून दाखवताना त्याची जीभ जिथे अडखळते तिथलं वाक्य तो आपण होऊन बदलतो.

काही मुलांना मात्र वाचक नकोच असतो. त्यांना बंद वही द्या आणि ती उघडू नका, मुलं झोपलेली असतानाही नाही.

टप्पा ७ : ‘खूप मजा आली’च्या पुढे

मूल आता लिहितंय, पण लिहिणं असं आहे: ‘आम्ही नदीवर गेलो. तिथे खेळलो. खूप मजा आली. मग आम्ही घरी आलो.’ मराठीत लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या कागदावर ‘खूप मजा आली’ असतंच. त्यावर ‘अजून वर्णन कर’ हा उपाय चालत नाही. वर्णन म्हणजे काय करायचं ते त्याला कळलेलं नसतं, मग ते ‘नदी फार सुंदर होती’ असं आणखी एक पोकळ वाक्य जोडतं.

असं करा. आख्ख्या मजकुरातलं एकच वाक्य निवडा, बाकीच्याला हात लावू नका. निवडायचं काम मुलाचं. मग तीन प्रश्न तोंडी विचारा: त्यातला कोणता क्षण पुन्हा घडलेला आवडेल? तेव्हा तुझे हात किंवा पाय काय करत होते? कुणी काय बोललं, त्याच्याच शब्दांत?

एका मुलाचं ‘तिथे खेळलो’ या प्रश्नांनंतर असं झालं: ‘मी दगडावर पाय ठेवला तर तो हलला. दादा ओरडला, “थांब तिथेच!” पण माझी एक चप्पल वाहत गेली.’ यात एकही अलंकार नाही, पण चप्पल गेलेली दिसते. आणि खाली ‘मजा आली’ लिहायची गरज त्याला स्वतःलाच वाटली नाही.

एका बैठकीत एकच वाक्य फुलवायचं. चारही फुलवायला गेलात तर तो पुन्हा दीड ओळीवर येईल. आणि म्हणी, सुविचार, ‘आईची माया’ छापाची तयार वाक्यं पाठ करून घेऊ नका. ती वापरली की मुलाला स्वतः बघायचं कारण उरत नाही.

टप्पा ८ : शुद्धलेखन आणि अक्षर, आता

दुरुस्ती आता करायची आणि तीही वेगळ्या दिवशी. लिहिण्याच्या बैठकीत कधीच नाही. शिवाय सगळ्या कागदांची नाही. जो कागद वाचकाकडे जाणार आहे तेवढ्याचीच. ‘आजीला वाचताना अडू नये’ हे कारण मुलाला पटतं.

१. आधी त्याने मोठ्याने वाचायचं. सुटलेले शब्द, दोनदा आलेले शब्द आणि न संपलेली वाक्यं कानालाच कळतात.

२. मग एकाच प्रकारची चूक निवडा. एका कागदावर वीस चुका असतील तर एकोणीस तशाच राहू देत. हे पालकांना फार जड जातं, हे मला माहीत आहे.

३. नियम वारंवार उपयोगी पडणारा घ्या. मराठीत सुरुवातीला दोन पुरतात. शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी किंवा उकार दीर्घ: पाटी, जादू, कवी, मी, तू. यातले अपवाद, म्हणजे ‘आणि’, ‘परंतु’ असे थोडे शब्द, एका चिठ्ठीवर लिहून भिंतीला लावा. दुसरा: ‘फूल’ पण ‘फुलाला’, ‘बहीण’ पण ‘बहिणीला’. शब्दाला प्रत्यय लागून तो वाढला की आतली दीर्घ वेलांटी किंवा उकार अशा शब्दांत ऱ्हस्व होतो. एका नियमावर दोन आठवडे राहा.

४. मुलाच्या नेहमी चुकणाऱ्या शब्दांची त्याची स्वतःची यादी करा, एका वेळी पाच शब्द. लिहिताना ती समोर उघडी ठेवू द्या. ती बघून लिहिणं म्हणजे नक्कल नव्हे.

अक्षराचंही असंच. सगळं अक्षर सुधारायला घेऊ नका. कागद बघून वाचायला सर्वाधिक त्रास कशाने होतो ते ठरवा. बहुतेक वेळा शब्दांमधली जागा हेच कारण असतं. शिरोरेघ शब्दाबरोबर तुटली पाहिजे, एवढं साधलं तरी पान एकदम वाचनीय होतं.

मोठी मुलं आणि मोठी माणसं

तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला ‘तू सांग, मी लिहितो’ म्हटलं तर ते लाजतं. तिथे टप्पा ३ ध्वनिमुद्रणाने करा: फोनवर स्वतःशी बोलायचं आणि नंतर स्वतः ऐकून कागदावर घ्यायचं. बोलून टाइप करायची सोय इथे खरी कामाला येते. या वयात हात अडत असेल तर कळफलक शिकवा. ती पळवाट समजू नका.

कार्यालयात अहवाल लिहायची वेळ आली की गारठणाऱ्या मोठ्यांनाही हाच क्रम लागू पडतो. आधी सहकाऱ्याला तोंडी सांगा, तो कुठे ‘म्हणजे काय?’ विचारतो ते टिपा, मग ते तसंच उतरवा. पहिली ओळ छान व्हायची वाट पाहू नका. मधूनच सुरू करा आणि पहिली ओळ शेवटी लिहा.

तज्ज्ञांकडे केव्हा जायचं

दोन-तीन महिने नीट करूनही हात दुखणं थांबत नसेल, ओळखीची अक्षरं उलटसुलट किंवा दर वेळी वेगळी येत असतील, पाहून लिहितानाही शब्द गळत असतील, किंवा वाचनही मागे असेल, तर लेखन-अक्षमता किंवा वाचन-अक्षमता असू शकते. आधी डोळे तपासा. मग बालरोगतज्ज्ञांकडून बालमानसतज्ज्ञ किंवा व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) यांच्याकडे जा. जाताना टप्पा १ चे दोन्ही कागद आणि ध्वनिमुद्रण बरोबर न्या. ‘तो लिहितच नाही’ या वाक्यापेक्षा त्यातून त्यांना कितीतरी जास्त कळतं.

आणि आजचा गृहपाठ?

हे सगळं चालू असताना शाळा थांबत नाही, म्हणून हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी विचारला जातो. वर्गशिक्षकांना भेटा आणि नेमकी मागणी करा: दोन महिने पाहून लिहिण्याचं काम अर्धं करावं आणि स्वतःच्या लेखनात एकाच प्रकारची चूक दाखवावी. सरसकट ‘सांभाळून घ्या’ म्हणण्यापेक्षा अशी ठरावीक मागणी शिक्षकांना मान्य करणं सोपं जातं.

घरी गृहपाठाचे तुकडे करा: उत्तर आधी तोंडी, मग तुम्ही त्यातले चार मुख्य शब्द चिठ्ठीवर टिपायचे, मग त्या चिठ्ठीकडे बघत त्याने लिहायचं. दोन उत्तरांच्या मध्ये उठून एक फेरी मारू द्या. ज्या दिवशी गृहपाठ खूप आहे, त्या दिवशी आपली बैठक रद्द. आणि ज्या दिवशी मूल ठाम नाही म्हणेल, त्या दिवशी पेन्सिल तुम्ही घ्या, त्याच्या शेजारी बसून पाच मिनिटं तुमचं काहीतरी लिहा, त्याला वाचून दाखवा आणि उठा.